मे महिना, सेप्टिक टँकचा वास आणि माणसांनी भरलेलं घर: काय करावं?

माडाखाली | ४ मे, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरून लिहिते आहे. एरवी घरात आम्ही दोघीच, सासूबाई आणि मी. हे मुंबईला. मे लागला की दीर-जावा, नणंदा, मुलंबाळं सगळी उतरतात. येत्या रविवारपर्यंत आम्ही तेरा जण होऊ आणि २२ तारखेला पुतणीचं लग्न दारातच आहे.

गेले आठ दिवस मागच्या न्हाणीघरात आणि परसात घाण वास येतोय. सकाळी कमी, पण दुपारी दोन-तीनच्या सुमाराला तिथे उभं राहवत नाही. टाकी सासऱ्यांनी १९९८ साली बांधून घेतलेली, जांभ्या चिऱ्याची, आतून सिमेंटचा गिलावा. पुढे शोषखड्डा. ते होते तोवर सगळं तेच बघायचे. त्यांना जाऊन चार वर्षं झाली आणि तेव्हापासून कोणी झाकण उघडलेलं नाही. झाकण नेमकं कुठे आहे हेसुद्धा आम्हाला माहीत नाही. वर माती आहे, जास्वंद आहे.

विहीर टाकीच्या खालच्या अंगाला, ४०-४५ फुटांवर. पाणी तळाला गेलंय, दिवसाआड पंप लावतो.

दुकानदार म्हणतो ॲसिड ओता. शेजारच्या वहिनी म्हणतात गूळ आणि यीस्ट कालवून टाका. आज एक गृहस्थ येऊन सांगून गेले, "माझ्याकडे पोरगा आहे, उतरून साफ करून देईल, दीड हजार द्या." मला काहीच सुचत नाहीये. घरात लग्न आहे, पाहुण्यांची लाज वाटते आणि विहिरीची भीती वाटते.

गवंडीदादा | ४ मे, रात्री १०:५५

ताई, ॲसिडची बाटली आधी बाजूला ठेवा. आणि त्या पोराला कृपा करून उतरवू नका. यावर कोणीतरी सविस्तर लिहीलच, नाहीतर मी लिहितो.

तीस वर्षं चिपळूण-संगमेश्वर भागात घरं बांधतोय. मे महिन्यात वासाची तक्रार घेऊन जितके लोक येतात त्यातल्या निम्म्यांच्या टाकीला काही झालेलं नसतं. मागचं न्हाणीघर रोज वापरात असतं का? नसेल तर आत्ता उठा आणि तिथल्या नहाणी ट्रॅपमध्ये आणि संडासच्या भांड्यात एक-एक बादली पाणी ओता. जाळीखाली दोनेक इंच पाणी साठून राहतं, तेच टाकीतला वास घरात येण्यापासून अडवतं. उन्हाळ्यात ते पाणी दोन-तीन आठवड्यांत उडून जातं आणि टाकीला घरात यायला सरळ वाट मिळते. बंद घर उघडलं की पहिला भपकारा येतो तो याचाच.

पाणी ओतल्यावर वरून चमचाभर गोडं तेल सोडा. तवंग धरतो, पाणी लवकर उडत नाही. माझ्या आजीनेही असंच केलं असतं, फक्त तिच्या काळी ट्रॅप नव्हते.

दुसरं, टाकीतला वायू बाहेर सोडणारा गॅस पाईप कुठे निघतो ते बघा आणि उद्या सांगा.

नीलांबरी | ४ मे, रात्री ११:२०

ॲसिड नकोच. टाकीत जे जिवाणू मैला पचवतात तेच मरतात. शिवाय गाळावर ॲसिड पडलं की सडक्या अंड्याच्या वासाचा वायू एकदम सुटतो, तो विषारी असतो. आणि ॲसिड व ब्लीचिंग पावडर एकापाठोपाठ एक कधीच टाकू नका, क्लोरीन सुटतो. माझ्या आत्याने बंद बाथरूममध्ये हे केलं होतं, चार दिवस खोकत होती.

गूळ-यीस्टने नुकसान नाही, पण फायदाही नाही. माणसाच्या मैल्यातच लागतील तेवढे जिवाणू असतात. बाजारात पुड्या मिळतात त्यांचंही तेच. साठलेला गाळ कुठल्याही पुडीने नाहीसा होत नाही, तो उपसावाच लागतो.

माडाखाली | ५ मे, दुपारी १:४०

गवंडीदादा, रात्रीच पाणी ओतलं. आज न्हाणीघरात वास जवळजवळ नाही! ते न्हाणीघर पाहुण्यांपुरतंच, दिवाळीनंतर वापरलंच नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "एवढंच होतं होय!"

पण परसात वास आहेच. गॅस पाईप बघितला. मागच्या भिंतीला लागून वर जातो. दोन वर्षांपूर्वी आम्ही मागे पत्र्याची शेड घातली. ती घालताना ज्याने काम केलं त्याने पाईप पत्र्याच्या खालीच कापून ठेवलाय. वर टोपी नाही, जाळी नाही, काही नाही. आम्ही आजवर वर बघितलंच नव्हतं.

गवंडीदादा | ५ मे, दुपारी २:०५

सापडलं. दुपारी पत्रा तापतो, खाली हवा कोंडते आणि सगळा गॅस तिथेच फिरत राहतो. सकाळी वास कमी आणि दुपारी जास्त, असं तुम्ही लिहिलं तेव्हाच शंका आली होती.

पत्र्याला भोक पाडून पाईप छपराच्या वर किमान दोन-तीन फूट न्या. खिडकीच्या समोर सोडू नका. फटीला पाणी उतरणार नाही असा पट्टा मारून घ्या, नाहीतर जूनमध्ये शेड गळेल. तोंडाला बारीक जाळी तारेने आवळून बांधा. पण पाईपच्या आत आधी बघा. कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं असतं, कधी पक्ष्याने काड्या भरलेल्या असतात.

आरोग्यसेवक | ५ मे, दुपारी ४:३०

जाळीबद्दल माझं आग्रहाचं सांगणं. मी उपकेंद्रात काम करतो. घरोघरी फिरताना पाण्याची पिंपं उलटी करायला लोक तयार असतात, पण गॅस पाईपला जाळी बांधा म्हटलं की "बघू" म्हणतात. हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास घाण पाण्यातच वाढतो आणि सेप्टिक टँक ही त्याची आवडती जागा. उघड्या पाईपमधून संध्याकाळी डास धुरासारखे वर येताना मी स्वतः पाहिले आहेत. नायलॉनची जाळी मूठभर लागते. झाकणाच्या फटीही सिमेंटने किंवा चिकणमातीने लिंपून घ्या.

डासांसाठी टाकीत रॉकेल किंवा जळकं ऑईल ओतू नका. जिवाणू मरतात, आणि तेच पाणी पुढे शोषखड्ड्यातून जमिनीत जातं. ताईंची विहीर ४५ फुटांवर आहे. तिच्याबद्दल रात्री लिहितो, आता डबे तपासायला निघालोय.

वावरातला | ५ मे, सायंकाळी ७:१५

यवतमाळहून. आमच्याकडची अडचण निराळी आहे, पण उन्हाळ्याशीच बांधलेली, म्हणून इथेच लिहितो.

आमची जमीन काळी. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर गेला की अंगणात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमची टाकी इतकी छान चालली की काय सांगू. शोषखड्डा कधी भरतच नव्हता. वडील म्हणाले, "बघ, आपला खड्डा किती पाणी पितो." जुलैत झड लागली आणि तिसऱ्या दिवशी संडासच्या भांड्यात पाणी उलटं वर आलं. घरात म्हातारी आई, बायको सातव्या महिन्यात. चार दिवस शेजाऱ्यांकडे जावं लागलं.

खोदल्यावर कळलं. जमीन आकसताना टाकी आणि शोषखड्डा यांमधल्या पाईपचा जोड सरकून उघडा पडला होता. उन्हाळाभर पाणी त्या जोडातून भेगांत जात होतं, खड्ड्यापर्यंत पोचतच नव्हतं. पावसात माती फुगली, भेगा मिटल्या आणि पाण्याला वाट उरली नाही. ज्याला आम्ही टाकीची तब्येत समजत होतो ते तिचं दुखणं होतं.

आता पाईपच्या खाली-वर मुरूम आणि रेती भरली आहे. खड्डा काळी माती ओलांडून मुरूम लागेपर्यंत खाली नेला. आणि मे महिन्यात टाकीच्या भोवती तडा दिसला की तो बुजवून घेतो. काळ्या मातीवाल्यांनी उन्हाळ्यात खड्डा कोरडा दिसला म्हणून खुश होऊ नये, एवढंच कळकळीने सांगतो.

नीलांबरी | ५ मे, रात्री ८:०२

वावरातला, हे कधी वाचनात आलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

आरोग्यसेवक | ५ मे, रात्री ९:४५

विहिरीबद्दल.

भारतीय मानक आयएस २४७० मध्ये शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर यांत किमान १८ मीटर अंतर सांगितलं आहे, म्हणजे साधारण ६० फूट. घरापासून ६ मीटर. ताईंचं अंतर कमी आहे, त्यात विहीर खालच्या अंगाला. आणि आपला जांभा म्हणजे भोकांचा दगड. मातीतून पाणी गाळून जातं, जांभ्याच्या फटींतून ते गाळलं न जाता तसंच वाहत जातं. त्यामुळे पुस्तकातले ६० फूटसुद्धा आपल्याकडे कमीच समजावेत.

मे महिन्यात दोन गोष्टी एकदम होतात. विहिरीचं पाणी खाली जातं, म्हणजे जे काही झिरपून येईल ते थोड्या पाण्यात मिसळतं. आणि नेमकं तेव्हाच घरात माणसं कित्येक पट होतात. मग जूनचा पहिला मोठा पाऊस जमिनीत अडकलेलं सगळं धुऊन विहिरीत आणतो. गॅस्ट्रोचे रुग्ण आमच्याकडे पहिल्या पावसानंतर वाढतात ते उगाच नाही.

घाबरू नका, पण हे करा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सांगून पाण्याचा नमुना तपासायला द्या. उपकेंद्रात छोटी बाटली मिळते. तिच्यात पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायचं, काळं पडलं की पाणी दूषित. विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतील, त्यानंतर क्लोरीन तपासायची ओटी टेस्ट करून घ्या. पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. आणि लग्नाचं पिण्याचं पाणी उकळून किंवा दुसरीकडून आणा. टीसीएल विहिरीत, टाकीत नाही. हे सांगावं लागतं, कारण वासासाठी टाकीत टीसीएल ओतणारे लोक मला दरवर्षी भेटतात.

हौशी_माळी | ६ मे, सकाळी ७:३०

गाडी बोलावण्यापेक्षा तो दीड हजारवाला काय वाईट? आमच्या गावात वर्षानुवर्षं माणसंच उतरतात. बांबू घालून ढवळतात, बादलीने काढतात.

सुनंदा_नाशिक | ६ मे, सकाळी ९:१०

हौशी_माळी, तुम्ही सहज लिहिलंत हे कळतं. पण मी जे पाहिलं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गल्लीत अशीच टाकी साफ करायला दोन भाऊ आले होते. एप्रिलची दुपार. बादली आत अडकली म्हणून धाकटा शिडीवरून चार पायऱ्या खाली गेला. पाचव्या पायरीवर त्याचा हात सुटला. ओरडला नाही, काही नाही. नुसता हात सुटला. मोठा भाऊ लगेच त्याच्यामागे उतरायला लागला, तेव्हा आमच्या शेजाऱ्यांनी त्याची कंबर धरून त्याला मागे ओढलं. तो शिव्या देत होता, रडत होता. धाकट्याच्या कमरेला दोर होता म्हणून तो वर आला. दवाखान्यात तीन दिवस होता. वाचला. नंतर मला म्हणाला, "ताई, आधी वास येत होता, मग वास यायचाच बंद झाला. मला वाटलं हवा मोकळी झाली."

हायड्रोजन सल्फाइड वाढला की आधी नाक बधिर होतं. वास थांबणं हीच धोक्याची खूण, आणि ती माणसाला उलटी कळते. उन्हाळ्यात आत सगळं जोरात कुजत असतं, त्यामुळे बंद टाकीत गॅसही जास्त साठतो. एक उतरतो, त्याला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा. बातम्यांमध्ये एका टाकीत तीन-तीन, चार-चार माणसं गेल्याचं आपण वाचतो ते असंच होतं.

कंदील किंवा मेणबत्ती सोडून बघायची जुनी पद्धत तर मुळीच नको. आत मिथेनही असतो.

कायदाही स्पष्ट आहे. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टँकमध्ये उतरवायला बंदी आहे, आणि ती बंदी ठेकेदाराला आहे तशी घरमालकालाही आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. पण मला कायद्याच्या आधी त्या भावाचं रडणं आठवतं. दीड हजारात कुणाचा मुलगा उतरवायचा नाही, ताई.

हौशी_माळी | ६ मे, सकाळी ९:५०

वाचलं. माझं चुकलं. गावातही सांगतो.

माडाखाली | ६ मे, दुपारी १२:१५

सुनंदाताई, त्या गृहस्थांना फोन करून नाही म्हणून सांगितलं. सासूबाईंनी स्वतः फोन घेतला आणि म्हणाल्या, "आमच्या घरात लग्न आहे, आम्हाला कुणाच्या घरातला दिवा नको विझवायला."

आता गाडी बोलवायची, पण टाकी खरंच भरली आहे का हे कसं कळणार? आणि झाकण कसं शोधू?

गवंडीदादा | ६ मे, दुपारी ३:२०

झाकण शोधायचं तर संडासचा पाईप भिंतीतून कुठे बाहेर पडतो ते बघा आणि त्या रेषेत पहारेने हळूहळू टोचत जा. पोकळ आवाज येईल. नव्वदच्या दशकातली टाकी घरापासून बहुतेक सहा ते दहा फुटांवर असते. सासऱ्यांनी कुठे लिहून ठेवलंय का तेही बघा. त्या पिढीची माणसं लिहून ठेवायची.

गाळ मोजायची रीत सोपी आहे. झाकण सरकवा आणि तिथून निघून जा. तासभर तरी हवा खेळू द्या. मुलांना लांब ठेवा, बिडी-काडी नको, वाकून आत बघायचं नाही, आणि एकट्याने हे करायचं नाही. मग एक लांब सरळ बांबू घ्या, खालच्या चार फुटांना पांढरं फडकं घट्ट गुंडाळा. पहिल्या कप्प्यात तळाला टेकेपर्यंत अलगद सोडा. पाच मिनिटं तसाच धरा. सावकाश, न फिरवता वर काढा. खाली जिथपर्यंत फडकं काळंकुट्ट आणि चिकट दिसेल तेवढा गाळ. त्याच्या वर नुसतं ओलं, मळकट असेल ते पाणी. वर तरंगते ती साय. गाळ पाण्याच्या निम्म्यावर गेला असेल तर थांबू नका.

सातारकर | ६ मे, सायंकाळी ६:०५

आमच्या वाईला नगरपरिषद ठरलेल्या क्रमाने दर तीन वर्षांनी प्रत्येक घराची टाकी उपसते. २०१८ पासून हे चालू आहे. नाशिक जिल्ह्यात सिन्नरलाही आहे. आपली पाळी आली की गाडी येते. उपसलेला मैला प्रक्रिया केंद्रात जातो. पूर्वी आमच्याकडेही संडास तुंबला की मगच लोकांना टाकीची आठवण यायची. गावाकडे हे का होऊ नये? तालुक्याला एक गाडी आणि एक प्रक्रियेची जागा असली तरी पुष्कळ होईल. ताई, गाडीवाल्याला विचारा की तो कुठे नेऊन ओततो. ओढ्यात ओतणार असेल तर त्याला पैसे देऊन आपण दुसऱ्याची विहीर नासवतो.

वावरातला | ६ मे, सायंकाळी ६:४०

आमच्याकडे काही शेतकरी शेतात टाकायला मागतात.

आरोग्यसेवक | ६ मे, रात्री ८:१५

ताजा तर नकोच. जंतांची अंडी मातीत महिनोन्‌महिने जगतात. सोनखत म्हणायचं तर त्याला वेळ द्यावा लागतो. दोन शोषखड्ड्यांच्या संडासात एक खड्डा बंद करून दीड-दोन वर्षं ठेवतात ते त्यासाठीच. मग तो मैला कोरड्या मातीसारखा होतो, वास येत नाही.

आपल्या कोकणाला हे नवीन नाही. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी संडास आणि खताचं काम आयुष्यभर केलं. त्यांच्या वाटेने पुढे देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉ. मापुसकर गेले, संडासाला जोडलेला गोबरगॅस त्यांनी घरोघरी नेला. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. एका डॉक्टरने इंजेक्शनाइतकंच महत्त्व शोषखड्ड्याला दिलं, हे मला नोकरीत फार बळ देतं.

माडाखाली | ८ मे, रात्री ९:३०

सासऱ्यांची डायरी सापडली! कपाटात, सातबाऱ्याच्या फायलीखाली. त्यांच्या अक्षरात लिहिलंय: "टाकी – पडवीच्या कोपऱ्याच्या खांबापासून ११ पावले, माडाकडे. झाकणे दोन. लां. साडेसहा, रुं. तीन, पाणी चार फूट." त्याखाली उपसल्याच्या तारखा. शेवटची एप्रिल २०१७. वाचून सासूबाई बराच वेळ गप्प बसल्या.

दिराने माझी पावलं मोजली तर झाकण लागेना. मग सासूबाई म्हणाल्या, "त्यांची पावलं मोठी होती." लांब टांगा टाकत गेला तेव्हा अकराव्या पावलाला पहार ठण्ण वाजली. जास्वंद बाजूला लावली आहे, जगेल असं वाटतंय.

आज सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, झाकण सरकवलं. झाकणाच्या खालच्या बाजूला झुरळं इतकी की दगड हलतोय असं वाटलं. तास-दीड तास सगळे पुढच्या अंगणात. मग बांबूला सासऱ्यांच्या जुन्या धोतराचं फडकं गुंडाळून दिराने सोडलं, मी मागे त्याचा हात धरून. साय इतकी कडक की बांबू तिच्यावर अडकला, जरा जोर लावल्यावर आत गेला. वर काढून अंगणात आडवा ठेवला आणि टेप लावली. काळं फडकं दोन फूट दोन इंच. पाणी चार फूट. म्हणजे निम्म्याच्या वर.

गवंडीदादा | ८ मे, रात्री १०:१०

शाब्बास ताई. आता हिशेब बघा. साडेसहा गुणिले तीन गुणिले चार म्हणजे ७८ घनफूट, साधारण २२०० लिटर. तुम्ही दोघी माणशी शंभर लिटर धरलं तरी रोज दोनशे. पाणी आत अकरा दिवस थांबतं, सगळं निवांत खाली बसतं. तेरा माणसं झाली की रोज तेराशे. त्यात निम्मी टाकी गाळाने भरलेली, म्हणजे पाणी पुरतं एक दिवससुद्धा थांबत नाही. बसायला वेळ न मिळालेला मैला शोषखड्ड्यात जातो आणि त्याची छिद्रं लिंपून टाकतो. टाकी उपसता येते. शोषखड्डा एकदा लिंपला की नवा खणण्याशिवाय बहुतेक वेळा इलाज नसतो.

म्हणून दोन कामं करा. लग्नाच्या आधी गाडी बोलवा. आणि आंघोळीचं, कपड्याचं पाणी टाकीतून काढून आगरात वळवा. तसंही विहिरीला पाणी नाही, माडांना आणि केळीला ते मिळेल. टाकीवरचा भारही निम्म्याने कमी होईल.

गाडीवाल्याला सांगा, तळाला इंचभर गाळ राहू दे. विरजणासारखा असतो तो. पूर्ण धुऊन काढायचा हट्ट करू नका.

नीलांबरी | ८ मे, रात्री १०:३५

लग्नाचं विसरू नका! आचाऱ्यांचं तेलकट पाणी आणि भाताची पेज संडासात ओतू देऊ नका. आमच्या घरच्या कार्यात तेल थिजून टाकीतला टी आकाराचा पाईप बंद झाला होता. मांडवाचे खांब टाकीवर खणू नका, भांड्यांचा टेम्पो झाकणावरून जाऊ देऊ नका. आणि न्हाणीघरात झाकणाची बादली ठेवून द्या, वर स्पष्ट लिहा: डायपर, पॅड इथे. पाहुण्यांना सांगायला संकोच वाटतो, कागदाला वाटत नाही.

वावरातला | ९ मे, सकाळी ८:००

उपसल्यावर टाकी पाण्याने भरून ठेवायची ना? आमच्याकडे तसं सांगतात.

गवंडीदादा | ९ मे, सकाळी ८:४०

रेडिमेड प्लास्टिकची टाकी असेल आणि जमिनीत पाणी वर असेल तर हो, लगेच. रिकामी टाकी पावसात वर उचलली जाते, पाईप तुटतात. चिऱ्याची टाकी उचलली जात नाही, पण तीही जूनपर्यंत रिकामी ठेवू नये. ताईंना विहिरीचं पाणी घालवायची गरज नाही. तेरा माणसांत दोन-तीन दिवसांत भरेल.

माडाखाली | १९ मे, रात्री १०:५०

सगळ्यांना खूप दिवसांनी लिहिते आहे, लग्नाची धावपळ.

गाडी १४ तारखेला आली. रस्त्यापासून टाकीपर्यंत पाईप पुरेल का अशी धाकधूक होती, गडग्याचे चार चिरे काढले तेव्हा पुरला. साय इतकी वाळली होती की आधी पाण्याचा फवारा मारून फोडावी लागली. पाऊण तास लागला. कोणीही आत उतरलं नाही. साडेतीन हजार घेतले. मैला कुठे नेता विचारलं तर आधी हसला. मग सासूबाई खुर्ची घेऊन गाडीसमोर बसल्या. शेवटी शहरातल्या प्रक्रिया केंद्राची पावती दाखवीन म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी फोनवर फोटो पाठवला.

पाईप पत्र्याच्या वर तीन फूट नेला, आत खरंच कुंभारमाशीचं घर निघालं. जाळी बांधली. न्हाणीचं पाणी पाटाने केळीकडे वळवलंय. परसात आता वास नाही, कालच तिथे बसून मुलींनी मेंदी काढली.

विहिरीच्या पाण्याची बाटली मात्र दुसऱ्या दिवशी काळी पडली. टीसीएल टाकलं, ओटीला पिवळं आलं. तरी लग्नाला पिण्याचं पाणी वरच्या वाडीतल्या विहिरीवरून आणतोय, आणि घरात उकळूनच पितोय. शोषखड्डा घराच्या दुसऱ्या अंगाला, विहिरीपासून लांब हलवायचा असं यांनी ठरवलंय. पावसाळा संपला की नोव्हेंबरमध्ये खणू. गवंडीदादा, तेव्हा तुम्हाला पुन्हा त्रास देणार आहे.

गवंडीदादा | १९ मे, रात्री ११:०५

जरूर. तुमच्या घरावर टेप लावायला स्वतः येईन. पाटाचं पाणी एकाच जागी साचू देऊ नका, दर दोन-तीन दिवसांनी आळं बदला.

आरोग्यसेवक | २० मे, सकाळी ७:२०

बाटली पहिल्या मोठ्या पावसानंतर आठवड्याभराने पुन्हा लावा. तोवर उकळणं थांबवू नका. लग्नाला शुभेच्छा.

पाऊसवेडा | २१ मे, दुपारी ३:३०

आमचंही गावचं घर दहा महिने बंद असतं, परवा जातोय. धागा वाचून आधी काय करू?

माडाखाली | २१ मे, रात्री ११:४०

दारं-खिडक्या उघडा आणि प्रत्येक जाळीत बादलीभर पाणी ओता. मग गॅस पाईपच्या टोकाकडे बघा. मग झाकण शोधा. आमच्या डायरीत आज नवीन ओळ लिहिली: "१४ मे, उपसली. गाळ होता दोन फूट दोन इंच. पुढची तीन वर्षांनी, पावसाच्या आधी. खांबापासून माझी १४ पावले."

उद्या सकाळी हळद आहे, आता झोपते.